तीन बेल

"बंद पाडायची म्हणजे?" घड्याळराव बाकावरून उठायला गेले आणि गुडघा आपटून पुन्हा खाली बसले. "अहो, बस म्हणजे काय दुकान आहे, वाटलं की बंद केलं? आणि माझी बस बंद पडत नाही. विचारा डेपोत कुणालाही."

सगळे हसले. शाळेतला चौथीचा वर्ग, चौथीच्या मापाचे बाक, आणि त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली शहरभरातली मोठी माणसं. कुणी न्हावी, कुणी शिंपीण, कुणी मोबाइलवाला, चार-दोन आया, एक हेडमास्तर. हसण्यात कुचेष्टा नव्हती. घड्याळरावांना सगळेच ओळखत होते. डेपोतून निघून नदीवरचा लांबच लांब पूल ओलांडून पलीकडच्या भागात जाणारी बस ते चालवायचे, आणि ती दिसली की लोक मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचे. त्यांचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि पगार काढणाऱ्या कारकुनाला. उभ्या नोकरीत गाडी कधी बंद पडली नाही, कधी उशिरा पोचली नाही, आणि हे ते कुणी विचारो न विचारो, सांगत सुटत. निवृत्तीला पंधरवडा उरला होता. एकही डाग न लागता घरी जायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

"बसा हो, घड्याळराव," फळ्याजवळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी पुरतं ऐकून घ्या, मग खुशाल भांडा."

डॉक्टरीणबाई मोठ्या दवाखान्यात अपघाताचे पेशंट बघत. बाई बुटक्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपाळूही दचकून जागा व्हावा. भोसकलेली पोरं शिवून शिवून त्यांच्या डोक्यात तिडीक गेली होती. "मी एकाचं पोट शिवते आणि त्याचे मित्र दुसऱ्याचं फाडून आणतात, मी काय शिलाईचं दुकान उघडलंय?" असं म्हणत त्या दारोदार फिरल्या होत्या, आणि नदीच्या अलीकडची आणि पलीकडची, एकमेकांचं तोंडही न बघणारी माणसं त्यांनी या वर्गात आणून बसवली होती. पोलीस गाडी आणतात, पोरं उचलतात आणि जातात. गल्लीत राहतो तो आपण, तेव्हा बघायचंही आपणच, असं त्यांचं म्हणणं.

आजवर नुसत्या बैठका झाल्या होत्या. उद्याचा दिवस मात्र बैठकीवर भागणारा नव्हता. वर्षापूर्वी अलीकडचा एक कॉलेजातला मुलगा पलीकडच्या बाजारामागे भोसकून मारला गेला होता. त्या खटल्याचा उद्या निकाल. साक्षीदार फिरले होते, त्यामुळे आरोपी पोरगा सुटणार हे लहान मुलानंही सांगितलं असतं. आणि तो सुटून घरी गेला की मेलेल्याचे मित्र हत्यारं घेऊन पूल ओलांडणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या मुलाची आई त्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. ती घड्याळरावांच्याच बसवर कंडक्टर होती.

डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर काढलेल्या नदीवर बोट ठेवलं. "परत एकदा सांगते. सकाळपासून वस्तादांची जिम उघडी. शाळेच्या मैदानावर मॅच, शिट्टी हेडमास्तरांची. पोरं कुठं टोळक्यानं जमली की ज्याला दिसेल त्यानं वस्तादांना फोन करायचा. पलीकडे शिंपीणबाई आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका दारात बसणार. एकटंदुकटं पोरगं दिसलं की आत ओढायचं, मग ते कुणाचंही असो. एवढं करूनही पोरं निघालीच, तर पुलाच्या तोंडाशी पोलीस आहेत, चालत जाता यायचं नाही. म्हणजे राहिली बस."

"पोलिसांनाच बस तपासू दे की," घड्याळराव म्हणाले.

"तपासली तर पोरं खाली उतरून दुसऱ्या वाटेनं जातील आणि मग आपल्याला दिसणारही नाहीत." हे वस्ताद बोलला. बॉक्सिंग शिकवायचा तो. तरुणपणी स्वतः तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे पोरं बापाचं ऐकणार नाहीत पण त्याचं ऐकायची. "पुलाच्या मध्यावर गाडी थांबवा आणि दार लावून ठेवा. तिथं फोडायला दुकानाची काच नाही, बघायला गर्दी नाही. मी मोटरसायकलवर येतोच मागनं. तोवर ती नुसती बसून राहिली पाहिजेत."

"बसलेल्या माणसाचा राग थोडा तरी खाली येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि बाकीचे पॅसेंजर? मेमो कुणाला मिळणार? मला! ऐन शेवटच्या पंधरवड्यात!" घड्याळरावांचा आवाज चढला. "उभा जन्म गेला त्या सीटवर. जाता जाता काय शिकाऊ पोरासारखी गाडी बंद पाडू?"

"दादा."

खिडकीजवळून ताई बोलली. घड्याळरावांना ती दादा म्हणायची आणि ते तिला ताई. एका गाडीवर इतकी वर्षं काढल्यावर सख्ख्यांत आणि त्यांच्यात फारसा फरक राहिला नव्हता.

"तो आपल्याच गाडीतून गेला होता, दादा. मीच तिकीट दिलं त्याला. मित्राकडे जातो म्हणाला." पदराशी चाळा करणारी बाई नव्हती ती, सरळ बघत होती. "गाडी वेळेवर पोचली होती आपली."

घड्याळरावांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर ते तिच्यासोबत त्याच पुलावरून जात-येत होते आणि वर्षभर तिनं हे वाक्य पोटात ठेवलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "माझी नजर रस्त्यावर असणार. पोरांच्या मनात काय आहे ते मला कळायचं नाही. खूण कशी करायची ते ठरवा."

खूण ताईनंच सांगितली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तीन बेल कुणी कधी देत नाही. पोरांजवळ हत्यार दिसलं, की पुलावर तीन बेल.

*

दुसऱ्या दिवशी कंट्रोलरनं रजा घे म्हणून सांगूनही ताई युनिफॉर्म घालून डेपोत हजर.

"घरी बसून भिंती बघू का?" ती म्हणाली. चहा तिनं नुसता हातात धरला. "डोकं ठिकाणावर नाही माझं. सकाळी सुरीच सापडेना घरात. काळ्या मुठीची. शेवटी भाजी हातानं मोडून टाकली."

"असेल भांड्याखाली कुठं."

"सगळी भांडी पालथी घातली. धाकट्याला विचारलं तर तो अंघोळीला पळाला."

घड्याळरावांनी कप खाली ठेवला. धाकटा म्हणजे तिचा उरलेला मुलगा, यंदा दहावी झालेला. लहानपणी सुट्टीत आईसोबत गाडीवर यायचा आणि इंजिनाच्या झाकणावर बसून "मामा, हॉर्न वाजवू?" म्हणून जीव खायचा. घड्याळराव त्याला पुलावर एकदाच वाजवू द्यायचे. भाऊ गेल्यापासून ते पोरगं बोलायचं बंद झालं होतं. सुरी कुठं गेली असेल ते घड्याळरावांना कळलं. पण तोंडातून एवढंच निघालं, "आज मॅचला जाणार ना तो?"

"म्हणाला तरी तसं."

दुपारी कंट्रोलरच्या फोनवर बातमी आली. पोरगा सुटला. ताईनं "खरं का?" एवढंच विचारलं, तिकिटाची पिशवी खांद्याला लावली आणि गाडीत चढली.

पहिली फेरी जवळजवळ रिकामीच गेली. मैदानावर मॅच चालू होती, पोरं ओरडत होती. घड्याळरावांना वाटलं, सुटलो. परतीच्या वेळी मात्र मैदान अर्धं मोकळं दिसलं.

दुसऱ्या फेरीला निघाले, तर पुलाच्या अलीकडच्या स्टॉपवर पोरं उभी होती. पाच-सहा जण. घड्याळरावांनी गाडी लावली. त्या जुन्या गाडीला दार एकच, पुढचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी. पहिला चढला तो काडी. अंगावर मांस नाही म्हणून पोरं त्याला काडी म्हणायची. तो दाराजवळच उभा राहिला. बाकीचे खाली बघत मागं गेले. शेवटी धाकटा. भर उन्हात भावाचं जाड जाकीट, गुडघ्यापर्यंत लोंबणारं, आणि शाळेची बॅग पाठीवर नाही तर छातीशी कवटाळलेली.

"मामा," तो सवयीनं म्हणाला, आणि लगेच नजर चुकवून मागच्या सीटकडे गेला.

स्टॉपसमोरचा न्हावी फोन कानाला लावून दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता. म्हणजे वस्ताद निघाला असणार. आता फक्त मध्यापर्यंत जायचं होतं. दोन बेल झाल्या. घड्याळरावांनी दार लावलं आणि गाडी पुलावर घातली.

आरशात त्यांना सगळी गाडी दिसत होती. एक म्हातारी, एक नोकरदार, फाइल मांडीवर घेतलेली एक मुलगी. ताई एकेकाला तिकीट देत मागं सरकत होती, रोजच्यासारखीच. पोटच्या पोरांनाही तिनं कधी फुकट नेलं नव्हतं. ती शेवटच्या सीटशी पोचली. धाकट्यानं मान वर न करता पैसे पुढे केले. तिनं तिकीट दिलं. मग वाकून त्याच्या बॅगेवर हात ठेवला, कापडावरूनच. हात तिथं जरा राहिला आणि तिनं तो झटक्यात काढून घेतला.

सापडली सुरी, घड्याळराव मनात म्हणाले. आता बेल.

ताई सरळ उभी राहिली. वर हात करून तिनं बेलची दोरी धरली.

बेल वाजली नाही.

पुलावरचे दिव्यांचे खांब एकामागून एक मागं पडत होते. "दे ना ताई, दे," घड्याळराव दातांखाली पुटपुटले. गाडी मध्याच्या जवळ आली. त्यांना वाटलं, हातपाय गळाले असतील बिचारीचे. म्हणून त्यांनी आरशात नीट बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं, असं त्यांना झालं. ताईच्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं. दोरी मुठीत धरून ती समोरच्या काचेतून पलीकडच्या काठाकडे बघत होती, जिथं आज एका घरात एक पोरगा परत आला होता. ती बेल द्यायची विसरली नव्हती. ती देत नव्हती.

पुलाचा मध्य गेला. पलीकडची घरं वेगवेगळी दिसू लागली.

बेल नाही, म्हणजे आपली जबाबदारी नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी वेग कमी केला आणि वरच्या गिअरमध्येच क्लच सोडून दिला. गाडीनं दोन गचके खाल्ले, फाइलवाली मुलगी ओरडली, आणि इंजिन बंद पडलं.

ठरलं होतं ते इथवर सगळं झालं. पुढचं मात्र फळ्यावर नव्हतं. चाकं थांबली की घड्याळरावांचा डावा हात दाराच्या बटणावर जायचा. जन्मभर जात आला होता. त्याला सांगावं लागत नव्हतं. तो गेला, आणि दार फुस्सकन उघडलं.

घड्याळरावांनी बटणावरच्या स्वतःच्या हाताकडे बघितलं. तेवढ्यात काडी खाली उडी मारून पळालाही होता. "ए, चला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी पोरं धडाधड उठली. आता बटण दाबावं, तर जुनं दार, मध्ये आलेल्याचा हात मोडेल. घड्याळराव सीटवरून उठले, स्टिअरिंगला पोट घासत बाहेर आले आणि दाराच्या पायरीवर धप्पकन बसले. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूचे दांडे धरले.

"ओ म्हातारे, उठा!"

"नाही उठत. गुडघा धरलाय माझा."

"मस्करी करताय?" एकानं त्यांच्या खांद्याला गुडघा लावला. पण ढकलायचं त्याला धाडस होईना. यातल्या प्रत्येकाला घड्याळरावांनी शाळेत नेऊन सोडलेलं होतं. पोरांना बाजूला सारत धाकटा पुढे आला.

"मामा, बाजूला व्हा."

"नाही."

"तो सुटला, मामा! माहितेय ना तुम्हाला?" पोराचा आवाज फाटला होता. वर्षभरात एवढं मोठ्यानं तो पहिल्यांदाच बोलत होता.

"माहितेय."

"मग?"

"मग काय? तुझ्या भावाला मी नेलं पलीकडे. याच गाडीतून, वेळेवर नेलं." घड्याळरावांना धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. "तुला नाही नेणार. तुडवून जायचं तर जा मला."

धाकट्यानं एक पाय उचलला. घड्याळरावांनी डोळे मिटून घेतले.

आणि तेव्हा बेल वाजली.

टण टण टण. मग परत टण टण टण. मग मोजायचं कुणाला सुचलं नाही, बेल वाजतच राहिली. सगळ्यांनी मागं बघितलं. ताई दोरीला लोंबकळल्यासारखी उभी होती, आणि बंद पडलेल्या गाडीत ती वेड्यासारखी बेल देत होती. म्हातारी उठली आणि तिनं ताईचा हात धरून दोरी सोडवली. मग ताई पुढे आली. तिला बघून पोरं आपोआप बाजूला झाली. मुलासमोर उभी राहून तिनं हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"सुरी. सकाळपासून शोधतेय मी. घरी स्वयंपाक व्हायचाय."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याचा खालचा ओठ लहानपणी व्हायचा तसा वाकडा झाला. बॅगेची चेन त्याला उघडेना, शेवटी तिनंच उघडली. काळ्या मुठीची सुरी घेऊन तिनं तिकिटाच्या पिशवीत टाकली आणि त्याला पोटाशी धरलं. भावाच्या जाकिटात ते पोरगं हमसून हमसून रडलं. बाकीच्यांना काय करावं कळेना, ती एकेक करून सीटवर बसली.

वस्तादची मोटरसायकल येऊन थांबली, तेव्हा घड्याळराव अजून पायरीवरच होते.

"एक गेला," ते म्हणाले. "काडी. मीच सोडला त्याला. पळ."

*

त्या दिवशी शहरात कुणी मेलं नाही. पलीकडच्या गल्लीत काडी एकटा सापडला. सुटून आलेल्या पोराच्या दोस्तांनी त्याला घेरलं आणि डोक्यावर येणारा वार त्यानं उजव्या हातावर घेतला. तेवढ्यात शिंपीणबाई आणि बायकांनी त्याला दुकानात ओढून शटर खाली घेतलं. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर तो हात शिवला. हात राहिला, पण दोन बोटं वाकेनाशी झाली ती झालीच.

पुढच्या बैठकीला वर्ग भरून लोक बाहेर उभे होते. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं तर डॉक्टरीणबाई खेकसल्या.

"टाळ्या नकोत. सोळा वर्षांच्या पोराची बोटं गेलीत. कुठं चुकलं ते सांगा, पुढच्या वेळी ते चुकायला नको."

घड्याळराव उभे राहिले. खिशात मेमो होता. कंट्रोलरनं नजरेला नजर न देता दिलेला. "चूक माझी. दार मी उघडलं. मुद्दाम नाही, हात गेला. पुढच्या ड्रायव्हरला सांगा, गाडी थांबवली की डाव्या हातानं हँडब्रेक धरून ठेवायचा. त्या हाताला रिकामं ठेवायचं नाही. हवं तर मी शिकवतो सगळ्यांना, आता वेळच वेळ आहे मला."

"गाडी मध्याच्या बरीच पुढं थांबली," वस्ताद म्हणाला. "मध्यावर थांबली असती तर पलीकडे पोचायच्या आत मी काडीला गाठला असता. बेल उशिरा झाली का?"

"वेळेवर झाली," घड्याळराव म्हणाले. "मलाच ऐकू आली नाही. वय झालं."

"दादा खोटं बोलताहेत."

ताई खिडकीजवळ उभी राहिली होती. घड्याळरावांनी मानेनंच तिला नको, नको केलं, पण ती ऐकणार थोडीच.

"मी बेल दिलीच नाही. दोरी हातात होती माझ्या. सुरी हाताला लागली होती. पण मला वाटलं, जाऊ दे गाडी. त्या सुटलेल्याच्या आईलाही कळू दे. सीटवर माझंच लेकरू बसलंय, हे डोक्यात आलंच नाही माझ्या. मामाला ओलांडायला त्यानं पाय उचलला तेव्हा आलं."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. मग मागून शिंपीणबाई चाचरत बोलल्या.

"सांगू की नको, कळत नव्हतं मला. त्या दिवशी माझ्या दुकानाचं शटर अडकलं होतं. मला एकटीला ओढवेना. तर ज्या बाईनं ते ओढलं ना... ती त्या सुटलेल्याचीच आई. बाहेर तिच्या पोराचे दोस्त शिव्या देत होते आणि आत ती काडीचा हात दाबून बसली होती. कुणाला सांगू नका म्हणाली."

ताई खाली बसली. घड्याळराव तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले आणि गुडघा आपटला तरी काही बोलले नाहीत.

"ताई," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता, "बेल दुसऱ्या कुणाकडे देऊ या. तुमच्यावर फार झालं ते."

"नको," ताई म्हणाली. "माझ्याकडेच ठेवा."

*

घड्याळरावांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. बायकोनं शर्टाला कडक इस्त्री केली होती. डेपोत कुणी हार आणला होता, तो त्यांनी आरशाला अडकवला नाही, मागं काही दिसत नाही म्हणून.

पुलाच्या अलीकडच्या स्टॉपवर धाकटा उभा होता आणि त्याच्याजवळ काडी, उजवा हात गळ्यात अडकवलेला. धाकटा आधी चढला आणि हात द्यायला वळला, पण काडीनं मान हलवली. त्यानं डाव्या हातानं दांडा धरला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोल गेला, परत खाली आला. मागं उभी असलेली माणसं चुळबुळ करू लागली.

"काय घड्याळराव, आज उशीर?" आतून कुणीतरी म्हटलं. न्हावी पायरीवर येऊन दुकानातल्या घड्याळाकडे आणि गाडीकडे बघत होता. निघायची वेळ झाली होती. ती झाली आणि गेलीही. घड्याळराव समोर बघत बसून होते.

काडी चढला. दाराजवळून जाताना थांबून म्हणाला, "मामा, चला ना. तुमचा टाइम चुकतोय."

"बस तू आधी."

तो डाव्या हातानं एकेक सीट धरत मागं गेला. आरशात ताई दिसत होती, वर हात करून दोरी धरलेली. ती काडीकडे बघत होती. तो खिडकीशी बसला, धाकटा त्याला खेटून बसला, तरी ती थांबली. काडीनं गळ्यातला हात मांडीवर नीट ठेवला.

मग दोन बेल झाल्या. घड्याळरावांनी दार लावलं, डावा हात बटणावरून उचलला, क्लच हळूहळू सोडला, आणि बस उशिरा निघाली.